प्रति: बरो म्हणजे आपला वॉर्डच की!
साधारण पटतंय, पण पूर्ण नाही. आपला वॉर्ड अधिकारी आयुक्तांनी नेमलेला असतो, तर न्यूयॉर्क शहराच्या पाच विभागांपैकी प्रत्येकाचा, म्हणजे बरोचा, अध्यक्ष लोक निवडून देतात. गंमत म्हणजे निवडून येऊनही त्याच्या हातात फारसं काही नसतं.

स्टेटन आयलंड हा बरोच बघा. वस्ती जेमतेम पाच लाख, बैठी घरं, मॅनहॅटनला जायला थेट पूल नाही, फेरी मात्र फुकट. पूर्वी शहराचं बजेट आणि जमिनीचे निर्णय 'बोर्ड ऑफ एस्टिमेट' घ्यायचं. त्यात वीस लाखांच्या ब्रुकलिन बरोला एक मत आणि या बेटालाही एकच! १९८९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. आता हे निर्णय शहराच्या ५१ जणांच्या कौन्सिलकडे आहेत, त्यात स्टेटन आयलंडचे तीन.

लोक चिडले. १९९३ मध्ये सुमारे ६५ टक्क्यांनी वेगळं शहर व्हायला कौल दिला, पण राज्याच्या विधिमंडळात गाडी अडली. चिडण्याचं आणखी एक कारण कचरा. १९४८ पासून शहराचा कचरा इथल्या फ्रेश किल्स डम्पिंग ग्राउंडवर पडत होता (देवनार आठवलं ना?). ते डम्पिंग २००१ मध्ये बंद झालं, आता तिथे टप्प्याटप्प्याने बाग होतेय.