आईला काचबिंदू निघाला, आता घरातल्या कोणाकोणाची तपासणी करायची?

निशिगंध
आईचं वय ६८. दोन्ही डोळ्यांत ओपन अँगल काचबिंदूचं (डोळ्यातलं पाणी बाहेर जायचा कोन उघडा असूनही होणारा प्रकार) निदान झालंय, थेंब सुरू आहेत. तिला एक भाऊ, एक बहीण. आम्ही तिघं भावंडं ४७, ४२ आणि ३६ वर्षांची, आमची मुलं शाळकरी. चष्म्याच्या दुकानात हवेच्या झोताच्या यंत्रावर माझा डोळ्यातला दाब १६ आला आणि 'तुम्हाला काही नाही' असं सांगितलं. एवढं पुरतं का? आधी कोणी जायचं, कोणत्या तपासण्या मागायच्या?

आडवाट
आधी मामा आणि मावशी. घरोघरी मुलांची चिंता होते आणि पेशंटची सख्खी भावंडं राहून जातात, याचं फार वाईट वाटतं. १९९४ च्या बाल्टिमोर पाहणीत भावंडाला काचबिंदू असेल तर धोका सुमारे ३.७ पट, आईवडिलांना असेल तर २.२ पट दिसला. रॉटरडॅमच्या १९९८ च्या अभ्यासात पेशंटच्या जवळच्या नातलगांना आयुष्यभरातला धोका सुमारे २२ टक्के निघाला, इतरांच्या नातलगांना २.३ टक्के. म्हणजे बहुतेकांना होत नाही; पण ज्यांना होतो त्यांना बाजूची नजर बरीच गेल्याशिवाय कळत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही.

१६ वर विसंबू नका. पहिल्या मोजणीत दाब २१ च्या (नेहमीची वरची मर्यादा) आत असणारे काचबिंदूचे पेशंट भरपूर असतात. दाब दिवसभर वरखाली होतो. शिवाय बुबुळाचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. सरासरी जाडी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. नंबर घालवायचं लेझर झालेलं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, कारण त्यात कॉर्निया पातळ होतो.

पाणकळा
तपासणीचा क्रमही महत्त्वाचा. अ‍ॅप्लनेशनने (डोळ्याला हलकेच टेकवून मोजायची पद्धत) दाब, कॉर्नियाची जाडी, मग गोनिओस्कोपी (भिंगातून तो कोन बघणं), आणि त्यानंतरच बाहुली मोठी करायचे थेंब. थेंब आधी घातले तर कोन खरा किती उघडा आहे ते कळत नाही, आणि कोन अरुंद असेल तर दाब एकदम चढू शकतो. आईचा काचबिंदू ओपन अँगल म्हणून तुमचा कोनही मोकळाच असेल असं गृहीत धरू नका, विशेषतः प्लस नंबर असेल तर.

बाहुली मोठी झाल्यावर डोळ्याची नस नीट बघून फोटो काढून ठेवायला सांगा. पुढे बदल ओळखायला तोच आधार. ओसीटीत (नसेच्या थराची जाडी मोजणारं स्कॅन) लाल रंग दिसला की लोक घाबरतात; मोठा मायनस नंबर असेल तर निरोगी डोळ्यातही लाल येतो. फील्ड टेस्ट (ठिपका दिसला की बटण दाबून बाजूची नजर तपासणं) पहिल्यांदा बहुतेकांची बिघडते, कारण बटण कधी दाबायचं याचा अंदाज नसतो. त्या एका रिपोर्टवर निदान होऊ देऊ नका, परत करा.

जाताना आईची फाइल न्या: प्रकार, निदानाच्या वेळचं वय, उपचाराआधीचा दाब.

निशिगंध
धन्यवाद. धाकट्या भावाचं आणि मुलांचं काय? जनुकीय चाचणी करावी का?

आडवाट
भावाची एक पूर्ण तपासणी आत्ताच करून घ्या, पुढचं अंतर डॉक्टर ठरवतील. चाळिशीनंतर सगळं ठीक असलं तरी दर एक-दोन वर्षांनी. मुलांना नेहमीची नेत्रतपासणी पुरे. आईला हा आजार तरुणपणी सुरू झाला असता तर उत्तर वेगळं असतं: मायोसिलिन जनुकातल्या दोषामुळे तिशीच्या आतही होतो आणि तो दोष प्रत्येक अपत्यात उतरायची शक्यता ५० टक्के. पण ओपन अँगलच्या एकूण पेशंटपैकी ३-४ टक्क्यांतच तो सापडतो, त्यामुळे ६८ व्या वर्षी निदान झालेल्याच्या घरात चाचणी 'नाही' आली तरी डोळे तपासावेच लागतात.

पाणकळा
एक राहिलं. काचबिंदूच्या घरात स्टेरॉइडने दाब चढण्याचं प्रमाण जास्त. डोळ्याचे थेंब, पापणीजवळचं मलम, नाकातला स्प्रे काहीही दीर्घकाळ चालू असेल तर काही आठवड्यांत दाब मोजून घ्या. लाल डोळ्यासाठी जुनी बाटली परत वापरू नका. आईचे थेंबही कोणी घालू नका. त्यात टिमोलॉल (दाब कमी करणारं औषध) असेल तर दमा असणाऱ्याचा श्वास अडकू शकतो.