बहिणीच्या लग्नासाठी कुठला कट मारू? (फेड की साधा) – सातारा

पोवईनाका_पॅसेंजर
मंडळी, सल्ला पाहिजे. वय २७, राहणार शाहूपुरी, नोकरी एमआयडीसीत. केस सरळ आणि दाट, पण कपाळाचे दोन्ही कोपरे हळूहळू मागं सरकायला लागलेत. डोक्यावर दोन भोवरे आहेत. आजी म्हणायची याची दोन लग्नं होणार, अजून पहिल्याचाच पत्ता नाही. तुळशीच्या लग्नानंतर बहिणीचं लग्न आहे. मित्र म्हणतात स्किन फेड मार (बाजू खाली कातडीपर्यंत साफ, वर जाईल तशी दाट), बाबा म्हणतात माणसासारखे काप. रोज हेल्मेट असतं आणि सलूनला महिन्यातून एकदाच जाणं होतं. दुकानं सुचवू नका, आमचे ठरलेले दादा आहेत. त्यांना नेमकं काय सांगायचं तेवढं सांगा.

कुपवाडचा_बंड्या
भावा, फेडच मार. मिड फेड, वर टेक्श्चर (केस जरा विस्कटल्यासारखे) आणि पुढचे केस कपाळावर पाडायचे. कोपरे झाकले जातात, कोणाला कळत पण नाही. सांगलीत आता सगळी पोरं हेच मारतात.

कल्लेवाले_काका
सगळी पोरं मारतात हेच तर दुखणं आहे. विश्रामबागला उभं राहिलं की पाठमोरा आपला पोरगा कुठला तेच ओळखू येत नाही. आणि बाजू साफ, वर थोडे केस, यात नवीन काय आहे? अपशिंग्याला सुटीवर आलेला कुठलाही जवान बघा. आता तर पुढं आखूड आणि मागं मानेवर लांब अशी फॅशन परत आलीय. ती जायला आम्हाला किती बरं वाटलं होतं! लांब केस शोभले ते धोनीला. २००६ साली लाहोरला मुशर्रफनी सांगितलं होतं, कापू नको म्हणून. पुढच्याच वर्षी टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि कापले पठ्ठ्याने. असो. माझं मत साधा साइड भांग.

कैची_कंगवा
माझं स्वतःचं दुकान आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोटो जरूर दाखवा, पण फोटोतल्या माणसाचे केस आपल्यासारखे आहेत का ते आधी बघा. कुरळ्या केसांच्या फुटबॉलवाल्याचा फोटो घेऊन येतात आणि यांचे केस खराट्याच्या काडीसारखे सरळ. तो कट बसणार कसा?

आता फेडचा हिशेब. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर, किंचित जास्तच वाढतात. मशीनचा १ नंबर कंगवा म्हणजे ३ मिलिमीटर, २ नंबर म्हणजे ६. आज झिरो मारलं की पंधरा दिवसांत तिथं जवळजवळ २ नंबरचे केस आलेले असतात. म्हणजे कातडीपासून वर चढत जाणारी जी छटा, जिचे तुम्ही पैसे दिले, ती गेली. दर पंधरवड्याला खुर्चीत बसायची तयारी असेल त्यानेच स्किन फेड करावा. महिन्याने येणाऱ्याने लो टेपर सांगावा. फक्त कल्ले आणि मानेची कड मशीनने बारीक, बाकीची बाजू कैचीवर. वाढले तरी बेढब दिसत नाहीत.

भोवऱ्यांवर मशीन लावू देऊ नका. तिथले केस अर्धवट आखूड झाले की उभेच राहतात, मग कितीही पाणी लावा. एक तर अगदी बारीक, नाहीतर दोन-अडीच इंच, म्हणजे आपल्या वजनाने बसतात. तुमचं लग्नाचं घर आहे, लांबच ठेवा. आणि दातेरी कैची कपाळाच्या कोपऱ्यांवर चालवू देऊ नका, आधीच तिथं विरळ होतंय.

कपाळावर केस पाडायचा सल्ला हेल्मेटवाल्याला चालत नाही. वाढे फाट्यापर्यंत पोचेस्तोवर घामाने चिकटतात आणि झाकायचे तेच कोपरे उघडे पडतात. पुढचे केस थोडे लांब ठेवून एका बाजूला वळवा.

"मीडियम ठेवा" असं कधी सांगू नका, प्रत्येकाचं मीडियम वेगळं. बोटं दाखवा. वस्तरा लावायच्या आधी नवीन ब्लेड आपल्यासमोर मोडून घालायला लावा, त्यात लाजायचं नाही.

कृष्णाकाठची
बायकांच्या बाजूने एकच सांगते. तुमच्या फेडचा नंबर आम्हाला कळत नाही. मानेवरची लव, कानातले केस आणि जेलचा पांढरा कोंडा मात्र लांबून दिसतो.

मेडिकलवाला_मिरज
कोपऱ्यांबद्दल कोणीच बोललं नाही. कांद्याचा रस वगैरे नादाला लागू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. केस येण्यासाठी लावायचं औषध, मिनॉक्सिडिल, मिळतं, पण सुरुवातीचे काही आठवडे उलट केस जास्त गळू शकतात, फरक दिसायला महिने जातात आणि बंद केलं की आलेले केस टिकत नाहीत. लग्न तोंडावर असताना ऐकीव माहितीवर सुरू करू नका. फिनास्टराइडच्या गोळ्या तर डॉक्टरांशिवाय नकोच.

पोवईनाका_पॅसेंजर
टेपर ठरला. एक सांगायचं राहिलं, घरच्या सगळ्या पुरुषांना फेटे आहेत.

कैची_कंगवा
अहो, हे आधी सांगायचं! मग वरच्या स्टाइलवर खर्चच करू नका. अक्षता पडेपर्यंत डोकं फेट्यात. फोटोत दिसणार कल्ले, कानामागची कड आणि मान. कट पाच-सहा दिवस आधी करून घ्या, कैचीच्या खुणा बसतात. मानेची लाइन मात्र आदल्या दिवशी. लग्नाच्या दिवशी वॅक्स, जेल काही नको, घामाबरोबर कपाळावर ओघळतं आणि फेट्याला डाग पडतो. जेवणाच्या पंगतीला फेटा उतरवला की केस चपटे झालेले असतील. ओला हात फिरवायचा, ड्रायर उलट्या दिशेने दोन मिनिटं, मग भांग.

पोवईनाका_पॅसेंजर
आणि कल्ले किती ठेवू? बाबा म्हणतात कानाच्या पाळीपर्यंत.

कैची_कंगवा
दाढी ठेवणार असाल तर दाढीत मिसळून घ्यायचे, वेगळं माप नाही. गुळगुळीत करणार असाल तर कानाच्या मध्यापर्यंत. पाळीपर्यंत फक्त कल्लेवाल्या काकांना शोभतात.