भिंतीवर कधी 10 चेहरे, कधी 12, दगडावर 22 नावं: आयरिश उपोषणकर्त्यांचा हिशेब कसा लावायचा?

रानवाटा: बेलफास्ट आणि डेरीत दोन दिवस मिळताहेत. तुरुंगात उपोषण करून गेलेल्या आयरिश रिपब्लिकन (ब्रिटिश राजवट नको असलेल्या) कैद्यांची भित्तिचित्रं आणि स्मारकं बघायची आहेत. फोटोंत आकडे जुळत नाहीत. कुठे 10, कुठे 12, कुठे 22. चुकतंय कोण? आणि सुरुवात कुठून करू?

जुनीपाने: चूक कुणाचीच नाही, मोजायला कुठून सुरुवात केली त्यावर आकडा ठरतो.

10 म्हणजे फक्त 1981. बॉबी सँड्सने 1 मार्चला मेझ तुरुंगात अन्न सोडलं (रिपब्लिकन मंडळी त्याला लाँग केशच म्हणतात) आणि 66 व्या दिवशी, 5 मेला तो गेला. मधे 9 एप्रिलला तुरुंगातूनच खासदारही झाला. शेवटचा मायकल डिवाइन, 20 ऑगस्टला. यांतले सात आयआरए या सशस्त्र संघटनेचे, तिघे आयएनएलए या दुसऱ्या, छोट्या सशस्त्र संघटनेचे: ओ'हारा, लिंच, डिवाइन.

नावांचा क्रम मृत्यूच्या तारखेने असतो, उपोषणाला बसण्याच्या नाही. हर्सन बसला डोहर्टीनंतर, पण 46 दिवसांत गेला. डोहर्टी 73 दिवस टिकला. म्हणून हर्सन आधी.

12 मध्ये इंग्लंडच्या तुरुंगांतले दोघे येतात, मायकल गॉहन (1974) आणि फ्रँक स्टॅग (1976). 22 ची मोजणी थेट 1917 च्या थॉमस ॲशपासून. त्यातच टेरेन्स मॅक्स्विनी, कॉर्कचा महापौर, 1920 मध्ये ब्रिक्स्टनला 74 दिवस. 1929 मध्ये लाहोरच्या तुरुंगात जतीन दास 63 दिवसांनी गेले, तेव्हा याच मॅक्स्विनी कुटुंबाने शोकसंदेशाची तार पाठवली होती.

गल्लीबोळ: शहराच्या मध्यातून डिव्हिस स्ट्रीटने पायी निघा. आधी 'इंटरनॅशनल वॉल' लागते. मग फॉल्स रोडवर सेवास्टोपोल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, शिन फेन या रिपब्लिकन पक्षाच्या कार्यालयाच्या कडेच्या भिंतीवर सँड्सचा हसरा चेहरा. डॅनी डेव्हेनीने रंगवलेला. तो स्वतः लाँग केशमध्ये राहिलेला. मिलटाउन दफनभूमी याच रस्त्यावर बरीच पुढे आहे, जी-वन बस घ्या.

खुणा ओळखता आल्या तर भिंत वाचता येते. काटेरी तार आणि चंडोल पक्षी म्हणजे कैदी. पांढरं-केशरी-हिरवं लिलीचं फूल ब्रिटिशांविरुद्धच्या 1916 च्या उठावाचं, उपोषणाचं नव्हे. अंगावर फक्त घोंगडी घेतलेला माणूस 1976 पासूनच्या 'ब्लँकेट' आंदोलनातला: राजकीय कैद्याचा दर्जा काढून घेतला, म्हणून त्यांनी तुरुंगाचे कपडे नाकारले. डेरीत बोगसाइडला फ्री डेरी कॉर्नरपाशी एच आकाराचं स्मारक आहे. तो आकार मेझ तुरुंगातल्या एच-ब्लॉक इमारतींचा.

एक लक्षात ठेवा, ही भिंत एकाच बाजूची आहे. या संघटनांनी मारलेल्यांची नावं इथे सापडणार नाहीत, त्यासाठी दुसरीकडे जावं लागतं.

रानवाटा: चाळीस वर्षांपूर्वीची चित्रं इतकी ताजी कशी?

गिलावा: ताजी नाहीत, पुन्हा पुन्हा रंगवलेली. तिकडची हवा कायम ओली. गिलाव्यात ओल मुरली की लोणा येतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. घरातल्या ऑइल पेंटचा हात मारला तर ओल आतच कोंडते, फोड येतात. म्हणून आधी पोपडे खरवडायचे, शेवाळ-बुरशीनाशकाने धुवायचं, भिंत पूर्ण वाळू द्यायची, प्रायमर मारायचा आणि मगच बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक रंग. वाळायच्या आत पाऊस आला की ओघळ ठरलेले.

चेहऱ्यासाठी छोट्या चित्रावर चौकोन आखतात. कागदावर 2 सेंमी, तर भिंतीवर 50. परांचीवरून भिंत अगदी नाकासमोर असते, त्यामुळे हनुवटी लांबते. दर दोन-तीन चौकोनांनी खाली उतरून समोरच्या फुटपाथवरून बघावंच लागतं. अलीकडे बरीच चित्रं फळ्यांवर रंगवून भिंतीला ठोकतात. बदलायला सोपं, पण साधे स्क्रू गंजले की चेहऱ्यावर तांबडे ओघळ.

जुनीपाने: मिलटाउनमध्ये दहाही कबरी शोधत बसू नका. तिथे सँड्स, मॅकडॉनेल आणि डोहर्टी एवढेच. ह्यूज आणि मॅकेल्वी, चुलतभाऊ, बेलाहीला. ओ'हारा आणि डिवाइन डेरीच्या सिटी सिमेटरीत. स्टॅगची कबर मेयोतल्या बॅलिनाला. शवपेटी कुणी हलवू नये म्हणून आयरिश सरकारने वर काँक्रीट ओतलं होतं. 1977 च्या नोव्हेंबरात आयआरएने बाजूने खणून ती काढली आणि गॉहनशेजारी पुरली.