पन्हाळ्याच्या चढाला चवडा जळजळतो, फ्लॅट पेडलसाठी बूट कोणते?

प्रश्न: वाघबीळच्या पुढं चढ लागला की चवडा जळजळतो, बोटं बधिर होतात. सायकलचं पेडल फ्लॅट, म्हणजे बूट न अडकवायचं साधं, पायात पळायचे बूट. काय घ्यावं?

उत्तर 1: तळ मऊ आहे म्हणून. पळायच्या बुटाचा फोम पेडलवर दबतो आणि सगळा भार चवड्यावर एका जागी येतो. दुकानात बूट दोन्ही हातांनी पिळून बघा. बोटांच्या सांध्याशी थोडा वाकला तर चालेल, मधल्या कमानीत पिळला तर परत ठेवा. तळ सपाट आणि रबर चिकट हवं, म्हणजे पेडलच्या पिना (वर आलेले छोटे खिळे) धरतात. खोल खाचांचा ट्रेकिंग बूट नकोच. पिना खाचेत अडकतात, पाय नीट बसत नाही.

उत्तर 2: बधिरपणा बहुतेक बुटाच्या अरुंद पंजामुळं. माप संध्याकाळी, सायकलचेच मोजे घालून घ्या. आतली गादी काढून तिच्यावर उभं राहा. पाय कडेबाहेर आला तर तो बूट सोडा, कितीही स्वस्त असला तरी. अंगठ्यापुढं साधारण 1 सेंमी जागा ठेवा आणि पुढची लेस सैल बांधा.

उत्तर 3: भावा, आधी फुकटचं करून बघ की. पाय थोडा पुढं सरकव, पेडलचा आस चवड्याच्या जरा मागं येऊ दे. मग सीट 3-4 मिमी खाली घे.

उत्तर 2 (पुन्हा): बरोबर. पण सकाळी पहिल्या पावलाला टाच दुखत असेल किंवा मधुमेह असून बधिरपणा असेल तर आधी डॉक्टर, मग बूट.