बॅकहँड: डिस्क वर उठते, थबकते आणि डावीकडे पडते. काय चुकतंय?

वेर्णा_शिफ्ट
डिस्क गोल्फ (चकती फेकत टोपलीपर्यंत न्यायचा खेळ) सुरू करून चार महिने झाले. उजवा हात, बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून नेऊन फेकणं. ऑनलाइन मागवलेली एकच डिस्क आहे, तिच्यावर १२, ५, -१, ३ असे आकडे आहेत. जास्त वेगाची म्हणून मुद्दाम घेतली. शिफ्ट सुटली की पाचच्या सुमारास पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर जातो आणि समुद्राकडे तोंड करून फेकतो. पन्नास पावलांवर डिस्क नाक वर करते, क्षणभर हवेत थांबते आणि डावीकडे खाली येते. जोर लावला तर आणखी वाईट. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून थेट कीपरच्या हातात चेंडू टाकायचो, त्यामुळे खांद्यात ताकद नाही असं कोणी म्हणू नये. रनअप वाढवू का?

फर्मागुडीचा पीटी मास्तर
रनअप वाढवू नकोस रे बाबा, उलट बंदच कर.

आधी त्या आकड्यांचं. पहिला वेग, दुसरा तरंगणं, तिसरा सुरुवातीला उजवीकडे कलणं आणि चौथा शेवटी डावीकडे वळणं (आपल्यासारख्या उजव्या हाताच्या बॅकहँडला). १२ वेग याचा अर्थ ती डिस्क वेगाने जाते असा नाही. तेवढा वेग तू दिलास तरच ती नीट उडते. नाही दिलास, तर चौथा आकडा लगेच अंगात येतो. मी चौतीस वर्षं शाळेत पोरांना खेळ शिकवला, आणि पहिल्याच दिवशी मोठ्या माणसाची बॅट उचलणारा एक तरी असायचाच. एक साधा पटर घे, म्हणजे जवळच्या फेकीची कमी वेगाची डिस्क. एव्हिअर नावाच्या पटरवर २, ३, ०, १ असे आकडे असतात, तो चालेल. पटर चूक लपवत नाही.

दुसरं, तू सांगतोस ते नाक वर जाणं. डिस्कची पुढची कड वर राहिली की हवा पोटाखाली शिरते. त्यात संध्याकाळचा वारा समुद्रावरून थेट तुझ्या तोंडावर, म्हणजे डिस्क पतंगच झाली. घरी आरशासमोर उभा राहा. तांब्याने तुळशीला पाणी घालताना मनगट जसं खाली वळतं, तसं डिस्क धरल्यावर वळव. सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल, पण पुढची कड खाली येईल.

आता मुख्य दुखणं, जे तू लिहिलं नाहीस पण असणार. क्रिकेटवाले डिस्क अंगाभोवती गोल फिरवतात. डिस्क छातीपुढून सरळ रेषेत ओढायची असते, होडीच्या यंत्राची दोरी ओढतो तशी. कोपर पुढे, आणि दंड व छाती यांच्यात जागा, जणू कळशी कवेत घेतली आहे. ती जागा मिटली की हात अंगाला चिकटतो आणि डिस्क कुठे सुटेल याचा नेम राहत नाही.

सराव असा: पाय हलवायचे नाहीत. डिस्क उजव्या छातीशी धर, कोपर पुढे, आणि तिथूनच फेक. वीस पावलं गेली तरी चालेल. ती सपाट आणि सरळ जायला लागली की हात थोडा मागे ने. मग आणखी थोडा. पूर्ण मागे नेशील तेव्हा पाठ लक्ष्याकडे वळलेली हवी. आधी उजवा पाय रोवायचा, मग कंबर, हात सगळ्यात शेवटी. मी हे पठारावर सकाळी सात वाजता करतो, वारा पडलेला असतो. जांभ्यावर घासून माझ्या डिस्कच्या कडा खरबरीत झाल्यात. अशा झिजलेल्या डिस्क उजवीकडे जास्त कलतात, तेव्हा नव्या डिस्कचा अंदाज त्यांना लावू नकोस.

आणि मिरामारवर संध्याकाळी माणसं फिरायला येतात. गोल्फच्या डिस्कची कड पातळ आणि कठीण असते, कोणाच्या कपाळाला लागली तर टाके पडतील. जागा बदल.

म्हापश्याची फ्रिस्बीवाली
सरांशी सहमत, फक्त पकडीबद्दल थोडं वेगळं. मी आधी अल्टिमेट (फ्रिस्बीचा सांघिक खेळ) खेळायचे. तिथली १७५ ग्रॅमची रुंद डिस्क नुसत्या मनगटाच्या झटक्यावरही बरी जाते, म्हणून गोल्फमध्ये मी मनगटच मारत राहिले. वर्षभर कोपर दुखलं. मला उपाय सापडला तो हात सैल सोडण्यात. ओला पंचा झटकताना मूठ सुरुवातीपासून आवळलेली नसते, टोकालाच आवळते. तसंच. मोबाइल मागे ठेवून स्लो मोशनमध्ये एक व्हिडिओ काढा, दादा. मला वाटायचं मी सरळ ओढते. व्हिडिओत दिसलं, स्वतःलाच मिठी मारत होते.

फर्मागुडीचा पीटी मास्तर
सैल हात, मान्य. पण बोटं सैल नकोत, बाई. पावसात डिस्क निसटून मागच्या काजूच्या झाडात गेलेली मी पाहिली आहे. माझीच होती.

वेर्णा_शिफ्ट
तीन आठवड्यांनी लिहितोय. पटर घेतला आणि आता सकाळी घरामागच्या बागेत फेकतो. छातीपासूनचा सराव करताना शेजारचे आजोबा रोज विचारतात, 'पाठ दुखता काय रे?' व्हिडिओत मीही मिठीच मारत होतो. आता दहातल्या सहा सपाट जातात, तीही जुन्या डिस्कच्या पन्नास पावलांपर्यंत, उभ्या उभ्या. तांब्याचं मात्र अजून जमत नाही, जोर लावला की मनगट परत वर येतं. काल तशीच एक डिस्क उठली ती थेट माडाच्या शेंड्यात. पाडेली (नारळ पाडणारा) पुढच्या आठवड्यात येणार आहे, तोवर पटर नाही.