अनुबोधपट, माहितीपट की बोधपट? वर्गात दाखवायच्या फिल्मला म्हणायचं तरी काय

तासगावहून प्रश्न

नमस्कार. मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. पाठ टाचणात 'शैक्षणिक साहित्य' या रकान्यात आजवर मी सरळ 'व्हिडिओ' असं लिहीत आले. परवा जुनं कपाट आवरताना जडवस्तू संग्रहाची (शाळेतल्या टिकाऊ सामानाच्या नोंदीची) एक जुनाट वही हाती लागली. तीत वळणदार अक्षरात नोंद आहे : 'प्रक्षेपक १ नग, अनुबोधपट रिळे ३, पडदा (मांजरपाट) १'. रिळं नाहीत, प्रक्षेपक नाही, नोंद तेवढी राहिली आहे.

प्रक्षेपक म्हणजे प्रोजेक्टर, हे कळलं. पण अनुबोधपट म्हणजे माहितीपटच का? मग 'अनु' कशासाठी? आणि 'दृक्-श्राव्य' लिहायचं की 'दृश्य-श्राव्य'? आमच्या शाळेत दोन्ही लिहिणारे आहेत. जाणत्यांनी सांगावं.

साताऱ्याहून

बाई, नोंद जशीच्या तशी उतरवून दिलीत हे फार बरं केलंत. मी साताऱ्यात अध्यापक विद्यालयात शिकवलं, त्याआधी पाटण तालुक्यात माध्यमिक शाळेवर होतो. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी 'पट' घेऊ. पट म्हणजे कापड, वस्त्र. चित्रपट हा शब्द सिनेमापेक्षा कितीतरी जुना. संस्कृतात त्याचा अर्थ चित्र काढलेलं कापड, एवढाच. सिनेमा आला तेव्हा नवा शब्द घडवायची गरजच नव्हती, घरातलाच उचलून नव्या वस्तूला दिला. आणि तो चपखल बसला, कारण इथेही शेवटी कापडच असतं. तुमच्या वहीतला मांजरपाट तोच. पुढे त्याच खोडाला मूकपट, बोलपट, लघुपट, वार्तापट असे धुमारे फुटत गेले.

चित्र दाखवून सांगण्याची चालही आपल्याकडे सिनेमाआधीची. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली आख्यानं लावतात. त्या चित्रांच्या जुडग्याला ते 'पोथी' म्हणतात. चित्रांची पोथी! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी काचेवर रंगवलेली चित्रं कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर पाडून खेळ सुरू केले, त्याला 'शांबरिक खरोलिका' असं नाव दिलं. शांबरी म्हणजे माया, जादू. मॅजिक लँटर्नला दिलेलं हे नाव भारदस्त खरं, पण लोकांच्या तोंडी रुळण्यासारखं नव्हतं. लोक 'जादूचा कंदील' म्हणून मोकळे झाले.

आता वर्गातली फिल्म. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या शाळांनी १९१० मध्ये नेहमीच्या अध्यापनात चित्रपट वापरायला घेतले. १९१३ मध्ये एडिसनने तर भाकीत केलं की शाळांतून पुस्तकं लवकरच हद्दपार होतील आणि दहा वर्षांत सगळी शिक्षणपद्धती पालटेल. तसं झालं नाही, आणि त्याची कारणंही साधी होती. ३५ मिलिमीटरची ती नायट्रेट फिल्म भडका उडणारी. एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहते, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या पोटातच असतो. अशी वस्तू पोरांनी भरलेल्या खोलीत कोण आणणार? १९२३ मध्ये कोडॅकने १६ मिलिमीटरची न भडकणारी फिल्म आणि तिची आटोपशीर यंत्रं बाजारात आणली, तेव्हा कुठे सिनेमा वर्गाच्या दारातून आत आला. तुमच्या वहीतली रिळं बहुधा हीच. बोलक्या फिल्मचं ४०० फुटी रीळ सुमारे ११ मिनिटं चालतं. पस्तीस मिनिटांच्या तासात ते बेताचं बसतं. (पस्तीस मिनिटांना 'तास' म्हणणारे आपण शाळावालेच.)

आपल्याकडची गोष्ट तर याहून मोलाची. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये लोकांपुढे आणला. पण त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा न हलवता दिवसामागून दिवस त्या रोपाचं थोडं थोडं चित्रण केलं. अंकुर फुटण्यापासून वेल वर चढेपर्यंतची वाढ पडद्यावर पाहता पाहता उरकते. 'अंकुराची वाढ' म्हणून ती ओळखली जाते. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून केलेली ही फिल्म, पण मला विचाराल तर विज्ञानाच्या तासाला आपल्या माणसाने बनवलेली पहिली फिल्म हीच. पुराणकथेच्याही आधी वाटाणा!

आता तुमचा खरा प्रश्न : 'अनु' कशासाठी? स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन हे सरकारचं फिल्म बनवणारं खातं निघालं. चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी त्यांची फिल्म लागायची, तिला मराठीत अनुबोधपट म्हणत. लोकांनी त्याचा अर्थ 'डॉक्युमेंटरी' असा धरला, आणि मग सोपा म्हणून 'माहितीपट' आला नि अनुबोधपट मागे पडला. पण दोन्ही शब्द एक नाहीत. माहितीपटात माहिती असते, बस. 'बोधपट' म्हटलं की आपल्या कानाला इसापनीतीचं तात्पर्य ऐकू येतं : दारू पिऊ नये, हात धुवावेत. 'अनुबोध' या दोहोंपेक्षा वेगळा. अमरकोश या संस्कृतातल्या जुन्या शब्दकोशात हा शब्द आहे, आणि कुठे आहे? उटण्या-गंधांच्या यादीत. 'अनुबोध' म्हणजे 'प्रबोधन', आणि तिथे त्याचा अर्थ विरून गेलेला सुगंध पुन्हा जागा करणं. लावलेल्या गंधाचा वास उडाला की त्यावर पुन्हा संस्कार करून तो दरवळता करायचा, तो अनुबोध.

हे वाचलं तेव्हा मला माझा पाटणचा वर्ग आठवला. शाळेत १६ मिलिमीटरचं यंत्र आलं होतं. बीजांकुरणाची फिल्म होती. खिडक्यांना पोरांनी घरून आणलेली घोंगडी लावली, तरी फटीतून उन्हाच्या तिरिपी यायच्याच. यंत्राची खरखर, तापलेल्या दिव्याचा वास, उजेडाच्या झोतात खडूची धूळ. पहिल्या वर्षी मी उत्साहाच्या भरात पाठाआधीच फिल्म दाखवली. दिवे लागल्यावर मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला : "सर, हे एवढं बिगीबिगी उगवतंय, मग आमच्या रानात का उगवत न्हाई?" त्याची काही चूक नव्हती. आठवडाभराची वाढ मी मिनिटभरात दाखवली होती आणि तो आठवडा त्याला सांगितलाच नव्हता.

पुढच्या वर्षी आधी मटकी ओल्या फडक्यात बांधायला लावली. रोज उघडून बघायचं, वहीत चित्र काढायचं, मोड किती लांबला ते पट्टीने मोजायचं. काही पेल्यात मातीत पेरायला लावली. पंधरवडा गेला, मुलांचं कुतूहलही जरा ओसरलं. मग फिल्म लावली. तोच पडदा, तीच खरखर. मध्येच एक मुलगी जवळजवळ किंचाळली, "टरफल टाकलं बघा त्यानं!" तिने पेल्यात ते स्वतः पाहिलं होतं, म्हणून ती पडद्यावर ते ओळखू शकली. उडालेला वास परत आला. बाई, हा अनुबोध.

म्हणून वर्गात पाठामागून दाखवायच्या फिल्मला मी अनुबोधपटच म्हणतो. 'अनु' म्हणजे मागून. तो उपसर्ग तिथे शोभेला नाही.

सांगलीहून

सातारच्या सरांनी 'पट' सोडवला, 'दृक्' मी घेतो. संस्कृत काव्यशास्त्रात काव्याचे दोन प्रकार : दृश्य आणि श्रव्य. नाटक दृश्य काव्यात. हे आम्हा सांगलीकरांना शिकवावं लागत नाही, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' इथेच रंगवलं.

आता 'दृश्य' म्हणजे पाहण्याजोगं आणि 'श्रव्य' म्हणजे ऐकण्याजोगं. जोडी जुळते, हिंदीवाले 'दृश्य-श्रव्य'च लिहितात. आपण लिहितो 'दृक्-श्राव्य'. 'दृक्' हे 'दृश्'चं रूप, म्हणजे दृष्टी किंवा पाहणारा. दृक्पथ, दृग्गोचर यांत तोच. तेव्हा एका अंगाला पाहणारा डोळा आणि दुसऱ्या अंगाला ऐकवण्याजोगी वस्तू, अशी ही विजोड जोडी आहे. व्याकरणाने पाहिलं तर 'दृश्य-श्राव्य' जास्त नीट. पण सरकारी परिपत्रकं आणि डी.एड.ची पुस्तकं यांतून 'दृक्-श्राव्य' इतका मुरला आहे की मी तो चूक म्हणणार नाही. फक्त दोन्ही चालतात हे शाळेत सांगा, म्हणजे लाल शाई वाचेल.

आणखी एक. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार पदं म्हणून कथा पुढे न्यायचा आणि पात्रं आविर्भाव करून आपली भाषणं करायची. मुक्या फिल्मच्या काळात वर्गातल्या शिक्षकाचं काम नेमकं हेच होतं. पडद्यावर आविर्भाव, बोलणारा शिक्षक. आवाज आला आणि सूत्रधार मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. मला हे नुकसान वाटतं.

साताऱ्याहून

सांगलीचे राव, सूत्रधाराचा दाखला अगदी पटला. मी बोलक्या फिल्मचाही आवाज पुष्कळदा बंद करत असे. फिल्मस्ट्रिप त्या मानाने सोयीची. चित्रांची पट्टी, खुंटी फिरवली की पुढचं चित्र, हवं तितका वेळ थांबा. मुलांना मात्र ती 'न हलणारा सिनिमा' वाटायची, त्यामुळे पहिली दहा मिनिटं रुसवा काढण्यात जायची.

डी.एड.वाल्यांसाठी एक दुरुस्ती जाता जाता. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेलचा अनुभव शंकू (प्रत्यक्ष कृतीपासून नुसत्या शब्दांपर्यंत अनुभवांची उतरंड दाखवणारी आकृती) १९४६ चा. त्याच्या शेजारी 'वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के लक्षात राहतं' असे आकडे हमखास छापतात. डेलने शंकूत एकही आकडा घातला नव्हता, ते नंतर कुणीतरी चिकटवले. मीही काही वर्षं ते फळ्यावर लिहिले, आणि कळल्यावर पुढच्या तुकडीसमोर मुद्दाम पुसून दाखवले.

औंधहून

दोन ओळी माझ्या. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. त्यांचं चित्ररामायण आमच्याकडे अजून आदराने बघतात. 'चित्र' हा शब्द पुढे लागला की कथा डोळ्यांनी ऐकायची असते, असं आजोबा सांगत. १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' ही मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी संस्था निघाली, तेव्हा त्या नावात मला हेच दिसलं : आकाशवाणीची वाणी, तिला चित्राची जोड.

आणि बाई, शाळेत 'पट' आधीपासूनच होता की! हजेरीपट, पटसंख्या, पटावरची मुलं.

तासगावहून

सर्वांचे आभार. सर, मटकीचा प्रयोग वाचून मी आज वर्गात फडकी वाटली. दहा दिवसांनंतरच्या टाचणात लिहून ठेवलं आहे : 'अनुबोधपट, बीजांकुरण, ६ मिनिटे, पाठानंतर, आवाज बंद'. केंद्रप्रमुख शब्दाचा अर्थ विचारतीलच, तेव्हा हीच चर्चा त्यांच्यापुढे ठेवीन. कपाटातला मांजरपाटाचा पडदाही सापडला. एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेला आहे, पण धुतल्यावर चांगला पांढरा निघाला.