चॅपल रोडवरील भित्तिचित्रांचे छायाचित्रण

प्रश्न: वांद्र्याच्या चॅपल रोडवरील भित्तिचित्रे मी मोबाइलवर टिपतो, परंतु माझे छायाचित्र मूळ चित्राची निव्वळ नक्कल ठरते. त्यात स्वतःची दृष्टी कशी आणावी?

प्रतिसाद १: पूर्ण भिंत चौकटीत बसवण्याचा आग्रह सोडून पाहावा. गल्ली अरुंद असल्याने, भिंतीलगत उभे राहून तिरक्या कोनातून रंगाचे पोपडे, विजेचे मीटर आणि खिडकीत वाळणारे कपडे चित्रासोबत घ्यावेत, कारण रस्त्यावरच्या चित्राला त्याचा परिसरच अर्थ देतो. ऊन तिरपे पडते तेव्हा भिंतीचा पोतही उठून दिसतो.

प्रतिसाद २: मला माणसांशिवाय असे छायाचित्र अपुरे वाटते. आधी चौकट ठरवावी आणि कोणी चित्रासमोरून जाईपर्यंत थांबावे. सायंकाळच्या मंद उजेडात प्रो मोडमध्ये (कॅमेऱ्याची मांडणी स्वतः ठरवण्याच्या सोयीत) शटर, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा वेळ, १/१५ सेकंदावर ठेवल्यास चित्र स्थिर व वाटसरू धूसर येतो. मात्र मोबाइल कशावर तरी टेकवावा.

प्रतिसाद ३: छायाचित्रे विकायची असल्यास चित्रकाराची लेखी संमती अवश्य घ्यावी. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात सार्वजनिक जागेतील शिल्पांच्या छायाचित्रणाला सूट आहे, परंतु ती भित्तिचित्रांना लागू होत नाही. चित्रकार शोधता यावा म्हणून चित्राखालची सही आधी टिपून ठेवावी.